गाडी धुतली तरी बॉडी खरखरीत लागते? क्ले आणि वॅक्स, माझा अनुभव

गाडी लाल, ८ वर्षं जुनी, उभी असते रेल्वे लाइनजवळ. धुवून झाली तरी बॉनेटवर हात फिरवला की बारीक रव्यासारखं लागायचं आणि रंग मेलेला. शाम्पू दोनदा केला, रॉकेलचं फडकं मारलं (करू नका), दुकानातलं पॉलिश लावलं, चमक दोन दिवसांत गायब. जाम वैतागलो होतो. शेवटी कळलं की रंगात लोखंडाचे कण रुतलेत, ते धुवून जात नाहीत, त्याला क्ले लागते, म्हणजे मळलेल्या कणकेसारखी चिकट वडी, ती कण ओढून काढते.

सकाळी ६ लाच सुरू केलं, सोलापुरात नंतर पत्रा तापतो आणि बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग पडतात. आधी गाडी नीट धुतली. १०० ग्रॅमच्या क्लेचा अर्धा तुकडा कोमट पाण्यात मऊ करून चपटा केला, मग दोन बाय दोन फुटांच्या भागावर शाम्पूचं पाणी भरपूर फवारून क्ले सरळ रेषेत हलक्या हाताने फिरवली, जोर अजिबात नाही, सुरुवातीला खरखर आवाज येतो, तो बंद होऊन क्ले सरकायला लागली की पुढचा भाग. मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर. जमिनीवर पडली तर सरळ फेकायची, माती चिकटून ओरखडे पडतात, माझा अर्धा तुकडा असाच गेला.

मग परत धुवून मायक्रोफायबरच्या मऊ कापडाने पुसली, घरात सोलापुरी टॉवेल ढिगाने आहेत पण ते नकोत. क्लेने जुना वॅक्सही निघतो म्हणून लगेच वॅक्स, अगदी पातळ, सावलीतच, बोट फिरवल्यावर चिकट न राहता साफ रेघ उमटली की पुसायचा. काळ्या प्लास्टिकला लावू नका, पांढरं पडतं.

हाताला प्लास्टिकची पिशवी घालून (बारीक खरखर जास्त कळते) फिरवून बघितलं, काचेसारखं गुळगुळीत.