वळचणीची फळी का कुजली?

पंचवटीतलं आमचं जुनं कौलारू घर. वळचणीच्या फळीत स्क्रू ड्रायव्हर सहज टोचून बघितला, तर मुठीपर्यंत आत! सगळे म्हणाले, वाळवी. पण मातीच्या नळ्या कुठेच नव्हत्या. लाकडाचे चौकोनी तुकडे पडत होते. म्हणजे बुरशी. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहिली की ती फोफावते.

ओल यायची कुठून? पन्हळ पिंपळाच्या पानांनी तुंबलेली, पाणी उलटं फळीमागे. शिवाय कडेची कौलं जेमतेम बाहेर, त्यामुळे पागोळ्या थेट लाकडावर. मागच्या वर्षी मी ओल्या फळीवर ऑइलपेंट फासला होता; ओल आतच कोंडली. माझाच शहाणपणा!

सुताराने निरोगी लाकूड लागेपर्यंत कुजका भाग कापला, वाशांची टोकंही तपासली. नव्या सागवानी फळीला बसवण्याआधीच सगळीकडून प्रायमर दिला, कापलेल्या टोकांना दोनदा, कारण पाणी सर्वात जास्त तिथूनच शोषलं जातं. वर पत्र्याची पट्टी, कौलं दोन इंच पुढे, पन्हळीला नीट उतार. आता मृगाआधी पन्हळ साफ करतो, मग श्रावणात पुन्हा एकदा. पिंपळ मात्र तसाच. आई हात लावू देणार नाही.