वजन कमी झालं, आता स्टेजवर जायचंय? मग मधलं एक वर्ष गाळू नका

८४ वरून ६२ किलोवर यायला मला १४ महिने लागले आणि ६२ दिसलं त्याच आठवड्यात मी बॉडीबिल्डिंग कॉम्पिटिशनचा फॉर्म भरायला निघाले होते. कोच म्हणाला, "ताई, अजून खाली गेलात तर स्टेजवर दाखवायला मसलच उरणार नाही." तेव्हा राग आला, पण त्याचंच बरोबर होतं. नुसतं डाएट करून बारीक झालेल्या बाईला आधी निदान एक वर्ष नीट खाऊन अंग भरावं लागतं.

आणि हेच वर्ष सगळ्यात अवघड जातं, कारण ज्या काट्याला आपण इतके दिवस घाबरलो तो परत वर सरकतो. माझा ६६ झाला. डाएट संपलं की एकदम ताटावर तुटून पडू नका, दर आठवड्याला १००-१५० कॅलरी वाढवत न्या, वजन स्थिर झालं की त्याच्यावर अजून २००-३००, बास. काट्याऐवजी व्यायामाची आणि मापांची वही बघा. माझा हिप थ्रस्ट (कमरेवर वजन ठेवून नितंब उचलायचा व्यायाम) ४० वरून ९० किलोवर गेला आणि कंबर टेपवर जेमतेम दोन सेंटिमीटर वाढली, हे वहीत दिसलं म्हणून मी टिकले. आठवड्यातून चार दिवस जिम, प्रत्येक मसल दोनदा, सेट संपताना अजून एखाद-दोन रेप (म्हणजे तोच व्यायाम आणखी एक-दोनदा) जमले असते इतपत जड. खांदे आणि पाठ अजिबात टाळू नका, वरची रुंदी आली की कंबर आपोआप बारीक दिसते.

प्रोटीन वजनाच्या किलोमागे १.६ ते २ ग्रॅम. म्हणजे मला साधारण ११५, आणि ते वरणावर होत नाही हो. एका वाटी वरणात कोरडी डाळ असते ३० ग्रॅम, त्यातून मिळतात ६-७ ग्रॅम. सोया चंक्स मात्र कोरडे ५० ग्रॅम घेतले तर २६ मिळतात (भिजवायच्या आधी मोजा, भिजल्यावर पाणी पिऊन वजन दुप्पट-तिप्पट होतं आणि हिशोब सगळा चुकतो). त्यात तीन अंडी, १०० ग्रॅम पनीर, एक स्कूप व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर), वाटीभर चक्का की जमलंच. भाकरी सोडायची गरज नाही.

आता नॅचरलचं, म्हणजे बंदी असलेली औषधं न घेता उतरायच्या स्पर्धांचं, हे नीट वाचा. स्टिरॉइड नको हे सगळ्यांना माहितीये, पण पीसीओएससाठी (बायकांमधला हार्मोन्सचा त्रास) डॉक्टर जी औषधं देतात त्यातली काही वाडाच्या (WADA, जागतिक डोपिंगविरोधी संस्था) बंदीच्या यादीत आहेत, चेहऱ्यावरच्या केसांसाठीचं स्पायरोनोलॅक्टोन, ओव्ह्युलेशनसाठीचं लेट्रोझोल आणि क्लोमिफेन, तिन्ही. मेटफॉर्मिन चालतं, क्रिएटिनही चालतं. औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला आणि आयोजकांना आधीच विचारा. मला एका जिममध्ये "फॅट बर्नर" म्हणून बिनलेबलच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या, मी त्या घेतल्या नाहीत. क्लेनब्युटेरॉल (चरबी जाळायला म्हणून घेतलं जाणारं औषध) असंच हातात येतं आणि त्यावर स्पर्धा असो वा नसो, कायम बंदी आहे.

मग प्रेप, म्हणजे शोच्या आधी चरबी कमी करायचा काळ. १६ ते २० आठवडे हातात ठेवा, आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का कमी, त्याहून जास्त नको. सलग तीन महिने पाळी आली नाही तर तो "प्रेपचा भाग" नाही, शरीराला खाणं पुरत नाहीये, गायनॅककडे जा आणि शो पुढे ढकला. पाळीच्या आधी पाण्याने वजन वाढतं, म्हणून मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करा.

कॅटेगरी शरीर बघून ठरवा. बिकिनी आणि फिजिक या बायकांच्या दोन कॅटेगरी, त्यात बिकिनीत मसल कमी लागतो आणि हील्स असतात, फिजिकमध्ये मसल जास्त आणि अनवाणी उभं राहायचं. पोझिंग १२ आठवडे आधीपासून रोज १५ मिनिटं, तेही आरशाशिवाय, मोबाईलवर शूट करून, कारण स्टेजवर आरसा नसतो. पोझ धरून श्वास चालू ठेवणं आणि चेहरा हसरा ठेवणं, इथेच पाय थरथरतात.

शो झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे भूक भागतच नाही. माझे सहा दिवसांत चार किलो वाढले, त्यात बरंचसं पाणी होतं. त्या आठवड्यांचं जेवण शोच्या आधीच लिहून ठेवा, शोच्या दुसऱ्या दिवशी काय खायचं तेसुद्धा.