४ × ६ आणि ६ × ४ सारखे का, हे मुलांना दाखवताना

सुरुवात ढिगांनी करू नका. सहा-सहा बटणांचे चार ढीग आणि चार-चारचे सहा ढीग शेजारी ठेवले तर मुलाला ते वेगळेच दिसतात, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याऐवजी चौकटीच्या कागदावर ४ आडव्या ओळी काढा, प्रत्येक ओळीत ६ ठिपके. मोजून झाले की कागद पाव फेरी फिरवा. आता ओळी ६, प्रत्येकीत ठिपके ४. एकही ठिपका वाढला नाही की गळला नाही.

मग ढिगांकडे या. सहा-सहाच्या चारही ढिगांतून एकेक बटण उचलून ओळीत मांडायला सांगा: चारची एक ओळ झाली. असं बरोबर सहा वेळा करता येतं, मग ढीग संपतात. खरं कारण इथे हाताला लागतं. कागद फिरवणं ही नुसती झलक.

पाठांतरातही फायदा होतो. ‘तीन आठे चोवीस’ येत असेल तर ‘आठ त्रिक’ वेगळं घोकायला नको. १ ते १० च्या पाढ्यांतले १०० गुणाकार असे ५५ वर येतात.

एक घोळ मात्र हमखास होतो: मुलं हाच नियम वजाबाकी-भागाकारालाही लावतात. ६ ÷ ३ म्हणजे २, पण ३ ÷ ६ म्हणजे अर्धा. आणि उत्तर सारखं म्हणजे अर्थ सारखा नव्हे. रोज ३ गोळ्या ५ दिवस आणि रोज ५ गोळ्या ३ दिवस, दोन्हीकडे गोळ्या १५च!