पॉवर्ड स्पीकर सुरू होत नाही? पॉवर सप्लाय दुरुस्त करताना या चुका टाळा

खानदेशात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुढेमागे लग्नांची दाट तिथी लागते आणि तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास असतो. पॉवर्ड स्पीकर, म्हणजे आतच अॅम्प्लिफायर असलेले स्पीकर, याच दिवसांत, मागची अॅम्प्लिफायरची प्लेट हाताला चटका देईल इतकी तापलेली असताना, तासन्‌तास वाजतात. आतल्या लहान इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या, आत द्रव असलेल्या भागाचे) त्या उष्णतेने होणारे नुकसान तेव्हा दिसत नाही. ते दिसते डिसेंबरात, धुळ्याकडे पहाटेचा पारा 10 अंशांखाली उतरल्यावर, जेव्हा तोच स्पीकर सकाळी काही केल्या सुरू होत नाही आणि ऊन वर आल्यावर जणू काही झालेच नाही असा वाजू लागतो. मालकाला वाटते की सैल वायर असेल. कारागीरही पुष्कळदा तेच समजून सोल्डर ताजे करून देतो, आणि आठवड्याने स्पीकर परत येतो.

पहिली चूक येथेच होते: ‘स्पीकर बंद आहे’ हे एकच लक्षण मानले जाते. फ्यूज उडालेला असणे, फ्यूज शाबूत असूनही सप्लाय (घरच्या विजेतून अॅम्प्लिफायरला लागणारे डीसी व्होल्टेज बनवणारा भाग) पूर्ण शांत असणे, आणि सप्लाय टिक-टिक करत सुरू होण्याचा प्रयत्न करत राहणे, हे तीन वेगळे दोष आहेत. फ्यूज काळा पडून उडाला असेल तर मॉस्फेट (वेगाने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर), ब्रिज (एसीचे डीसी करणारे डायोड) किंवा सर्ज, म्हणजे अचानक वाढलेले व्होल्टेज, रोखणारा व्हॅरिस्टर शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. उरलेल्या दोन प्रकारांत मात्र बहुधा काहीही जळालेले नसते, आणि घाईने महागडे भाग बदलले जातात ते नेमके त्यांतच.

मीटर लावण्यापूर्वी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. 230 व्होल्टचा पुरवठा ब्रिजमधून गेल्यावर मुख्य फिल्टर कॅपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी साठतात. चालू सप्लाय बंद केला की ते लवकर उतरतात. पण जो सप्लाय सुरूच झालेला नाही त्यात ही वीज खर्च करणारे कोणी नसते, म्हणून प्लग काढल्यानंतरही ती बराच वेळ टिकू शकते. बंद पडलेला बॉक्स चालू बॉक्सपेक्षा अधिक धोकादायक असतो तो यामुळे. कॅपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. फिलामेंटच्या बल्बने किंवा काही किलोओहमच्या 10 वॉट रेझिस्टरने तो उतरवा आणि मीटरवर खात्री करूनच हात घाला.

उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड फ्यूज किंवा तार टाकणे ही चूक सर्वांना ठाऊक असूनही मांडवात ती होतेच. टेबलावर सिरीज बल्ब, म्हणजे पुरवठ्याच्या वाटेत ओळीने जोडलेला बल्ब, वापरावा; आत शॉर्ट असला तर तो करंट रोखतो. पण तो फिलामेंटचाच हवा. एलईडी बल्ब या कामाचा नाही. मोठ्या सप्लायला 60 वॉटचा बल्ब लावला तर व्होल्टेज इतके पडते की निर्दोष सप्लायही चालू-बंद होत राहतो आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. म्हणून 100 ते 200 वॉटचा बल्ब हाताशी ठेवावा.

आता मुख्य भाग. 3842 ही मॉस्फेटला चालू-बंद करणारी कंट्रोल आयसी अनेक सप्लायमध्ये आढळते. तिला सुरुवातीची वीज 325 व्होल्टच्या लाइनवरून स्टार्टअप रेझिस्टरमार्फत मिळते. तिच्या शेजारचा लहान कॅपॅसिटर हळूहळू भरतो, व्होल्टेज 16 वर पोहोचले की आयसी जागी होते, आणि ते 10 च्या खाली गेले की पुन्हा बंद पडते. ट्रान्सफॉर्मरची जादा वाइंडिंग आयसीला पोसू लागेपर्यंत सगळा भार त्या कॅपॅसिटरवर असतो. आयसी आणि मॉस्फेटची गेट मिळून 15 मिलिअँपिअर घेत असतील, तर 47 मायक्रोफॅरडचा चांगला कॅपॅसिटर तिला सुमारे 19 मिलिसेकंद जगवतो; तोच सुकून 5 मायक्रोफॅरड उरला, तर दोन मिलिसेकंदांत संपतो. टिक-टिक आवाजाचा एक मोठा उगम हा आहे. थंडीत सुकलेल्या कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध आणखी वाढतो, म्हणून सकाळचा दोष दुपारी नाहीसा होतो. हेअर ड्रायरने त्याला हलकी ऊब द्या. सप्लाय सुरू झाला, तर दोषी जवळजवळ सापडलाच.

एका साउंडवाल्यांच्या अशाच स्पीकरमध्ये मी पूर्वी आयसी आणि मॉस्फेट दोन्ही बदलले होते, आणि दोष निघाला तो या काही रुपयांच्या कॅपॅसिटरमध्ये. तेव्हापासून मी आधी मीटरची काळी पिन मुख्य कॅपॅसिटरच्या ऋण टोकाला लावून आयसीच्या सातव्या पिनवरचे व्होल्टेज पाहतो. सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटकडच्या) ग्राउंडवर काळी पिन लावून घेतलेला आकडा निरर्थक असतो, आणि प्रायमरीवर (230 व्होल्टच्या बाजूवर) आयसोलेशनशिवाय ऑसिलोस्कोप जोडणे तर घातकच.

व्होल्टेज 10 ते 16 यांच्यामध्ये हेलकावत असेल तर कॅपॅसिटर, जादा वाइंडिंगचा डायोड किंवा पुढे आउटपुटकडचा शॉर्ट तपासावा. शून्य असेल तर स्टार्टअप रेझिस्टर ओपन असण्याची शक्यता अधिक. येथे कंपनीने 100 किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये दिले असतील, तर त्यांच्या जागी 200 चा एकच टाकू नका. पाव वॉटच्या साध्या रेझिस्टरची मर्यादा बहुधा 250 व्होल्टच असते आणि एकट्यावर 300 हून अधिक येतात. दोन्ही अर्ध्या वॉटचे घ्या. आयसी बदलावीच लागली तर शेवटचा आकडाही जुळवा: 3843 साडेआठ व्होल्टच्या आसपासच सुरू होते, आणि 3844 ची ड्यूटी (दर आवर्तनात मॉस्फेट चालू राहण्याचा वाटा) निम्म्यावर थांबते.

सप्लायलाच दोषी धरण्यापूर्वी अॅम्प्लिफायर बोर्डकडे जाणारा कनेक्टर काढून आउटपुटचे मॉस्फेट शॉर्ट नाहीत ना, हे मोजावे. वूफरच्या कंपनांमुळे मोठ्या कॅपॅसिटरच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती सोल्डरला बारीक गोल तडा जातो, तो भिंगाखाली पाहावा.

मांडवातही काही दोष जन्माला येतात. जनरेटरवर न्यूट्रल सैल झाला की 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात. 115 आणि 230 चा स्विच असलेल्या बॉक्समध्ये तो चुकून 115 वर राहिला, तर व्होल्टेज दुप्पट होऊन फिल्टर कॅपॅसिटर फुटतात. दुरुस्तीनंतर त्या स्विचवर पक्की टेप लावून द्यावी.

कॅपॅसिटर 105 अंशांचा, चांगल्या प्रतीचा टाकावा आणि तापणाऱ्या रेझिस्टरपासून शक्य तितका दूर बसवावा. हिवाळ्यात आलेला स्पीकर टेबलावर वाजला म्हणून त्याच संध्याकाळी देऊ नका. रात्रभर तो दवापासून झाकून गच्चीवर ठेवा आणि पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, स्विच चालू करा.