खांबावरच्या भोंग्याला दुसरा आधार

मैदानावरचा भोंगा एकाच क्लॅम्पवर लटकलेला असतो. वाऱ्याने हलून हलून नट सैल होतो, आणि खाली मुलं खो-खो खेळत असतात. बडोद्यात आमच्या मैदानावर एक भोंगा असाच मान टाकून लोंबकळताना दिसला, तेव्हापासून हे करतो:

१. खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालायचा. पकड घसरत नाही. नट स्टीलचेच, पण आत नायलॉनचं कडं असलेले, म्हणजे आपोआप न सुटणारे.

२. स्टीलचा ४ मिमी वायर-रोप भोंग्याच्या ब्रॅकेटमधून ओवून खांबाला वेगळा बांधायचा, दोन्ही टोकांना तीन-तीन क्लिपा. गुळगुळीत खांबावर फास सरकत खाली येतो, म्हणून तो वेल्ड केलेल्या कडीतूनच घ्यायचा. ढील वीतभरही नको. जास्त ठेवली तर भोंगा पडताना हिसका बसून दोरच तुटायचा.

३. नट आवळल्यावर नट-बोल्टवरून ऑइलपेंटची एक सरळ रेघ. रेघ मोडलेली दिसली की नट फिरलाय. दुर्बिणीतून खालूनच कळतं, शिडी लागत नाही! मी पावसाळ्याआधी आणि उत्तरायणानंतर बघतो (तेव्हा भोंग्यात मांजाही हमखास अडकलेला असतो).

४. भोंग्याचं तोंड जरा खाली, वायरला जोडाच्या आधी एक झोळ. पाणी तिथूनच गळून जातं.

वर चढण्याआधी अॅम्प्लिफायरचा प्लग काढून खिशात ठेवा. अॅम्प्लिफायरकडून भोंग्याला जाणारी १०० व्होल्टची लाइन चांगलाच झटका देते. आणि विजेच्या खांबाला भोंगा कधीच नाही.