कर्मचाऱ्यांनी आपणहून पुढाकार घ्यावा यासाठी काय करावे

पुढाकार हुकमाने मिळत नाही. आधी भीती कमी करावी लागते. हार्वर्डच्या व्यवस्थापन-अभ्यासक एमी एडमंडसन यांच्या १९९९ च्या संशोधनात, चूक बोलून दाखवली तरी अपमान होणार नाही असा विश्वास असलेल्या गटांत शिकण्याची वृत्ती अधिक आढळली. म्हणून कोणी सूचना मांडली की लगेच त्रुटी न काढता, ती करून पाहायला काय लागेल हे विचारावे, आणि नाकारायची असल्यास कारण त्या व्यक्तीला स्वतः सांगावे. उत्तरच न मिळणे नकाराहून अधिक खच्ची करते, असे माझे ठाम मत आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपलेपणा यांवर आंतरिक प्रेरणा, म्हणजे काम मनापासून करावेसे वाटणे, पोसली जाते. त्यामुळे काम सोपवताना अपेक्षित परिणाम व खर्चाची मर्यादा ठरवून द्यावी, पद्धत मात्र ज्याची त्याला निवडू द्यावी.