घरात तान्हं बाळ, डोक्यात रिगेटा: इंदूरला राहून सेलिंग कसं चालू ठेवायचं

इंदूरला राहून सेलिंग करणारे, म्हणजे शिडाच्या बोटी चालवणारे, लोक तसे मोजकेच, त्यात ज्यांच्या घरी नुकतंच बाळ आलंय ते अजूनच कमी, पण त्यातला प्रत्येकजण एकच विचारतो की आता बोट विकून टाकू का. नका विकू. निदान पहिलं वर्ष तरी काहीच ठरवू नका, झोप झालेली नसताना घेतलेले निर्णय तसेही बरे नसतात. आमच्याकडे नवरा पण सेल करतो आणि मी पण, म्हणून दोन्ही बाजू माहिती आहेत, पण इथे आईच्या बाजूने जास्त लिहिणार आहे कारण बाबा रिगेटाला (बोटींच्या शर्यतींना) निघाले की "ऑल द बेस्ट" म्हणतात आणि आई निघाली की "बाळाला कोण बघणार?"

सगळ्यात आधी हिशोब बदला. पाण्यावर किती तास मिळतात ते मोजायचं नाही, घराबाहेर किती तास जातात ते मोजायचं. कुलाब्यात राहणारा माणूस सकाळी दोन तास सेल करून जेवायला घरी येऊ शकतो. आपलं पाणी म्हणजे भोपाळचा बडा तालाब, साधारण १९० किलोमीटर, देवास, सोनकच्छ, आष्टा, सिहोर करत एका बाजूचे साडेतीन तास धरा. वर रिगिंग (बोटीला शीड आणि दोऱ्या लावणं), ब्रीफिंग, वाऱ्याची वाट बघणं, परत आल्यावर बोट धुणं, सेल वाळवून गुंडाळणं, म्हणजे तीन तासाच्या रेससाठी तेरा-चौदा तास बाहेर. म्हणून घरी "जरा जाऊन येते" म्हणूच नका, अर्धा दिवस नावाची गोष्ट आपल्या सेलिंगमध्ये नाहीच. पूर्ण दिवस मागा, आणि बदल्यात पूर्ण दिवस द्या. नवऱ्याचा एक रविवार गेला की पुढचा माझा, त्याचा रविवार म्हणजे मी घरी आणि माझा म्हणजे तो घरी, ह्यात "पण तुझी आई आहे ना मदतीला" वगैरे चालत नाही, आजीची मदत ही दोघांच्या खात्यातली आहे, एकाच्या नाही.

सव्वा महिना तर विषयच काढू नका. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर ह्यातून उठून कोणी तलावावर जात नाही, आणि बाबा लोकांनो, बायको माहेरी आहे म्हणजे आपल्याला सुट्टी लागली असं समजून दर शनिवारी भोपाळ गाठू नका, ते पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. सहा आठवड्यांची डॉक्टरांची तपासणी झाली म्हणजे सेलिंगला परवानगी मिळाली असंही नाही. डॉक्टरांना "बोटीत बसते" म्हणून सांगितलं तर ते हो म्हणतील कारण त्यांच्या डोळ्यासमोर बोट क्लबची पॅडलबोट येते. त्यांना नीट सांगा की पाय पट्ट्यांमध्ये अडकवून पूर्ण शरीर बोटीच्या बाहेर झोकून धरायचं असतं, त्याला हायकिंग म्हणतात, सगळा ताण पोटावर, मांड्यांवर आणि ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंवर येतो, आणि बोट उलटली तर पाण्यातून स्वतःला वर खेचून चढायचं असतं. सिझेरियन असेल, किंवा पोटाचे स्नायू मधून फाकलेले असतील, तर फिजिओला दाखवूनच सुरुवात करा. खोकताना किंवा हसताना लघवी गळत असेल तर हायकिंगची घाई करायचीच नाही, आधी ते बरं करा, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

कोणीतरी तुम्हाला मारिट बाउमेस्टरचं उदाहरण देईलच, नेदरलँड्सची, २०२२ मध्ये मुलगी झाली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आयएलसीए ६ (एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट) चं गोल्ड. भारी आहे, मान्य. पण तिचं हे पूर्णवेळचं काम आहे, मागे कोच आणि टीम आहे. तुमच्यामागे ऑफिस आहे, कुकरच्या शिट्ट्या आहेत आणि रात्री दर दोन तासांनी उठणारं बाळ आहे, तेव्हा तुलना नको.

आता बोट. दोघं सेल करत असाल तर दोन बोटी ठेवण्यापेक्षा एक आयएलसीए ठेवा, जिला जुने लोक अजून लेझरच म्हणतात. हल (बोटीचा सांगाडा) एकच, ४.२३ मीटर लांब, ५९ किलो, आणि त्यावर तीन वेगवेगळी शिडं लागतात: ७ नंबरचं ७.०६ चौरस मीटर, ६ चं ५.७६, ४ चं ४.७. मास्टचा (डोलकाठीचा) वरचा भाग आणि बूम (शिडाखालचा आडवा दांडा) तेच, फक्त खालचा भाग आणि शीड बदलायचं. म्हणजे नवरा ७ वर आणि बायको ६ वर, बोट तीच, देखभाल एकाच बोटीची. बाळंतपणानंतर वजन वाढलंय म्हणून रडू नका, चांगल्या वाऱ्यात ते चार किलो कामाचेच असतात, आणि स्टॅमिना कमी वाटत असेल तर पहिले काही महिने मुकाट्याने ४ चं शीड लावा, त्यात कमीपणा नाही. आपल्या देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर भोपाळलाच शिकली आणि २०२३ च्या हांगचौ एशियन गेम्समध्ये तिने त्याच आयएलसीए ४ वर सिल्व्हर आणलं. (हे वाक्य सासरेबुवांसमोर म्हणून बघा, माझ्याकडे तरी लगेच काम झालं.)

बोट भोपाळलाच ठेवायची सोय करा. गाडीच्या टपावर बोट बांधून नेता येते, पण आत कार सीट, प्रॅम, डायपरची बॅग आणि आजी असताना नाही. जागा ठरवताना चार गोष्टी विचारा: बोट सावलीत राहील का, सेफ्टी बोट कोणत्या वेळेला पाण्यावर असते, मोठ्या माणसांसाठी रेस होतात का, आणि बाळाला दूध पाजायला बंद खोली मिळेल का. चौथा प्रश्न ऐकून समोरचा गडबडतो, पण विचारायचाच.

जायचं कसं? रात्री पाच तास सलग झोप झाली नसेल तर पहाटे चारला स्टिअरिंगवर बसायचं नाही. बोटीत लाइफ जॅकेट असतं, सेफ्टी बोट असते, हायवेवर डुलकी लागली तर काहीच नसतं. सकाळची वंदे भारत साधारण तीन तासात भोपाळला सोडते, त्यात झोपा, येताना पण झोपा. बाळासकट जायचं असेल तर दोन दिवसांचा बेत करा आणि मुक्काम करा. इंदूरच्या मराठी घरातल्या माणसाची भोपाळला एखादी मावशी नाहीतर आत्या निघतेच, तिच्याकडे उतरलं की बाळाला सांभाळायला चार हात जास्त मिळतात, फक्त "अगं त्या थंड पाण्यात कशाला जातेस, दूध आटेल" हे ऐकायची तयारी ठेवा. आटत नाही. उलट प्यायचं पाणी कमी पडू देऊ नका, रेस असो नसो.

दुधाचं गणित मात्र नीट करा कारण तिथेच सगळं फिसकटतं. पाण्यात उतरायच्या अगदी आधी बाळाला पाजा नाहीतर पंप करा. भरलेल्या छातीवर रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट) आणि वरून घट्ट लाइफ जॅकेट हे तीन तास सहन होत नाही, गाठी येतात. म्हणून काही जॅकेट एक साइज मोठं घेऊ नका (पाण्यात वर सरकतं), पण बाजूचे पट्टे ढिले-घट्ट करता येणारं घ्या. काढलेलं दूध २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं, आणि बर्फाचे पॅक टाकलेल्या आइसबॉक्समध्ये २४ तास. एप्रिल-मेमध्ये माळव्यात २५ डिग्रीची खोली विसराच, थेट आइसबॉक्स.

रेसच्या दिवशी कामाची एक युक्ती: झेंडे बघायला घरच्यांना शिकवा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एपी झेंडा म्हणजे रेस लांबलीय, तो खाली आला की १ मिनिटाने वॉर्निंग सिग्नल (रेस सुरू होण्याची पूर्वसूचना), म्हणजे पाण्यावरची जागा सोडता येत नाही. पण एपीच्या खाली एच झेंडा असेल तर पुढचे सिग्नल किनाऱ्यावरून मिळणार, म्हणजे सरळ परत या, बाळाला घ्या, पाजा. एपीच्या खाली ए असेल तर आज अजून रेस नाहीत, सामान आवरा. माझ्या आईला "टॅक" म्हणजे काय ते अजून माहिती नाही पण एपी-एच दिसला की ती दुपटं घेऊन रॅम्पवर हजर असते.

दुसरी युक्ती पॉइंट्सची. रेसिंगमध्ये कमी पॉइंट्सवाला जिंकतो, पहिल्याला १, दुसऱ्याला २ असं. आलाच नाहीत तर सिरीजमध्ये जितक्या बोटींची एंट्री आहे त्यापेक्षा १ जास्त, म्हणजे २० बोटी असतील तर २१ पॉइंट्स. पण साधारणतः तुमची सगळ्यात वाईट एक रेस काढून टाकतात, तिला डिस्कार्ड म्हणतात. किती रेस झाल्यावर किती डिस्कार्ड मिळणार ते सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये लिहिलेलं असतं, ते एंट्री भरायच्या आधी वाचा. एक रेस सोडून घरी पळालात तर ती डिस्कार्डमध्ये मुरते, पण दोन सोडल्या की दुसरीचे २१ अंगावर बसतात आणि मग शनिवारी केलेली सगळी मेहनत पाण्यात. बाकीचे लोक डिस्कार्ड खराब स्टार्टसाठी राखून ठेवतात, आपण ते बाळाच्या तापासाठी राखून ठेवायचं, म्हणजे बाकीच्या रेसमध्ये स्टार्टच्या लाइनवर उगाच धाडस करायचं नाही, लाइनच्या मधल्या भागातून शांतपणे स्टार्ट घ्यायचा. त्याच कागदात अजून एक ओळ शोधा, शेवटच्या दिवशी अमुक वाजल्यानंतर वॉर्निंग सिग्नल होणार नाही अशी. ती वेळ कळली की परतीची ट्रेन बुक करता येते आणि घरी खरी वेळ सांगता येते. आणि एकाच रिगेटात अर्ध्या रेस नवरा अर्ध्या बायको असं करायला जाऊ नका, एकट्याच्या बोटीत एंट्री एका माणसाच्या नावावर असते, एक रिगेटा त्याची, पुढची तुमची.

किनाऱ्यावर बाळाला ठेवायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, वारा कमी असतो पण ऊन सोसतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत, सावली, सुती टोपी आणि मच्छरदाणी. तुमच्या रेस चालू असताना घरच्यांनी तीन तास रॅम्पवर बसून राहायची गरज नाही, वन विहार तलावाच्या काठालाच आहे, श्यामला हिल्सवर मानव संग्रहालय आणि जनजातीय संग्रहालय आहे, प्रॅम घेऊन फिरून या म्हणावं. तुमचा फोन लागणार नाही हे लक्षात ठेवून किनाऱ्यावरच्या एका माणसाचा नंबर घरच्यांना देऊन ठेवा. पावसाळ्यात वारा जोरात असतो पण वीज कडाडली की पहिले बाहेर, रेस कमिटी काही म्हणेपर्यंत थांबायचं नाही.

ज्या आठवड्यात जाता येत नाही (म्हणजे बहुतेक सगळे) त्यात घरी काय करायचं? बाळ छातीवर झोपलं की भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसा, मांड्या पेटतात, हायकिंगला तेच लागतं. एका हाताने बोलाइन गाठ मारायची प्रॅक्टिस करा, दुसऱ्या हातात बाळ असतंच. रेसचे नियम वाचायला रात्री तीनच्या फीडइतकी शांत वेळ नाही, कोणाचा हक्क पहिला, मार्कपाशी (जिला वळसा घालायचा त्या खुणेपाशी) जागा कोणाला द्यायची, सगळं डोक्यात बसतं. दोऱ्या घरी आणून बदला, कोपऱ्यातल्या शिवणी उसवल्यात का बघा. पण स्टोअर रूममध्ये दोन-दोन तास "बोटीचं काम" करत बसणं म्हणजे सेलिंगच धरलं जाईल, तो वेळ पण हिशोबात घ्या.

मुलांना कधीपासून नेता येईल हे पण लोक विचारतात. रेसिंगच्या छोट्या बोटीत तान्हं बाळ कधीच नाही, जॅकेट घालूनसुद्धा नाही, कारण ही बोट उलटतेच, ते अपघात म्हणून नाही तर खेळाचा भाग म्हणून. आधी पोहायला शिकवा. मग ऑप्टिमिस्ट आहे, २.३० मीटरची, ३५ किलोची मुलांची बोट, १५ वर्षांपर्यंत त्यात रेस करता येते, सात-आठव्या वर्षी सुरू केलं तरी भरपूर वेळ आहे. तोपर्यंत बाळाचा बोटीत बसलेला फोटो आजीला हवाच असेल तर जमिनीवर ट्रॉलीत ठेवलेल्या बोटीत बसवा, बूम आणि शीड आधी उतरवून, आणि एक हात बाळाच्या पाठीशी ठेवून.